उधारीच्या वहीतील एक ओळ: रहस्यकादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीचे हस्तलिखित परत करताना आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी एकच प्रश्न विचारला होता: "वही त्यांनी पाहिली, मला दाखवली नाही, मग मी दोनशे पाने काय करत होते?" या गोष्टीला चार वर्षे झाली, तरी नवे प्रकरण लिहायला घेतले की तो प्रश्न मला आजही टोचतो. संशयित, चकवा, उलगडा या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे मी धरून चालते. मला सांगायचे आहे ते त्या वहीबद्दल, कारण माझी दोन वर्षांची मेहनत तिच्यातच बुडाली.

कादंबरी कोकणातील एका वाड्यात, ऐन जुलैमध्ये घडत होती. गुरुवारी रात्री घरातील काकांचा खून होतो. त्यांचा पुतण्या सांगतो की तो मुंबईहून शुक्रवारी सकाळच्या गाडीने आला. तपास करणारे निवृत्त फौजदार नवव्या प्रकरणात गावातील किराणा दुकानाची उधारीची वही चाळतात, आणि तेथे मी लिहिले होते: "एका नोंदीवर त्यांची नजर थबकली. ते किंचित हसले आणि त्यांनी वही मिटली." त्या नोंदीत काय होते, हे वाचकाला थेट शेवटच्या प्रकरणात कळत होते. हे वाक्य लिहिताना मला ते फार उत्कंठावर्धक वाटले होते. एका लेखन कार्यशाळेत आम्हाला शिकवले गेले होते की वाचकाला शेवटपर्यंत काहीही कळू देऊ नये, आणि तो सल्ला मी मंत्रासारखा पाळला. तो सल्ला चुकीचा आहे. तो देणाऱ्या मार्गदर्शकाने रहस्यकथा आवडीने वाचल्या असतील यावर माझा आता विश्वास बसत नाही.

धागा लपवणे आणि धागा वाचकाच्या हातीच न देणे, या दोन गोष्टींत मी गल्लत केली होती. रहस्यकथेच्या वाचकाला फसायला आवडते. पण उलगडा झाल्यावर मागची पाने उलटून पाहताना ती गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरच होती, हे त्याला सापडावे लागते. ते सापडले नाही तर त्याचा आनंद नाहीसा होतो आणि राग उरतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने, जो स्वतःही रहस्यकथा लिहीत असे, 1929 मध्ये दहा नियम मांडले. त्यांपैकी एक असा की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा त्याच वेळी वाचकालाही दाखवला पाहिजे. त्या यादीतील काही नियम आज कालबाह्य झाले आहेत, पण हा एक नियम मोडून वाचकाची मर्जी राखल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आर्थर कॉनन डॉयल यांची 1892 मधील 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. रात्री कुत्रा भुंकला नाही, ही त्यातील गोष्ट सर्वांना आठवते. मला मात्र जेवणाच्या ताटाने अधिक शिकवले. तबेल्यावर पहारा देणाऱ्या पोराला अफू घालून गुंगवले जाते आणि त्या रात्री त्याच्यासाठी मसालेदार मटण आलेले असते, हे डॉयल कथेच्या सुरुवातीसच सांगून टाकतात. वाचक तो तपशील जेवणाचा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. अफूची चव झाकू शकेल असा पदार्थ नेमका त्याच रात्री कोणामुळे शिजला, हा प्रश्न त्याला सुचत नाही, होम्सला सुचतो. आपल्याकडे रस्सा घरोघरी शिजतो, तरी मीही त्या ताटावरून सरळ पुढे गेले होते. धागा उघड्यावर ठेवायचा आणि त्याला दुसराच अर्थ चिकटवायचा, ही खरी कारागिरी आहे.

मी वहीचे प्रकरण पुन्हा लिहायला घेतले ते याच रीतीने. आता फौजदार ती वही काकूंसमोर मोठ्याने वाचतात: गुरुवार, साखर दोन किलो, रॉकेल, काड्यापेट्या, पुतण्याच्या नावावर विडीचे एक बंडल, खोबरेल तेल. विडीचे नाव ऐकताच काकू भडकतात, कारण त्या घराने बापाला छातीच्या आजारात गेलेले पाहिले आहे आणि पुतण्याने तुळशीपुढे शपथ घेतलेली आहे. भांडण दीड पान चालते. वाचक विडीकडे पाहत राहतो. गुरुवारकडे पाहत नाही. ही एवढी दुरुस्ती करायला मला पाच महिने लागले, कारण काकूंचा राग खरा वाटावा म्हणून आधीच्या तीन प्रकरणांत बापाचे आजारपण पेरावे लागले. तुमच्याही हस्तलिखितात "तो गूढपणे हसला", "तिच्या लक्षात सारे आले" अशी वाक्ये असतील, तर त्या प्रत्येक ठिकाणी थांबा आणि स्वतःला विचारा की पात्राने जे पाहिले ते वाचकाने पाहिले का. नसेल, तर ते वाक्य काढावेच लागेल. ते कितीही आवडते असले तरी काढावे लागेल.

हे वाचून धीर खचू देऊ नका. वाचक रहस्याइतकाच सोबतीसाठीही वाचतो, आणि पाऊस, वाडा, माणसांची बोली खरी उतरली असेल तर तो बऱ्याच उणिवा पोटात घालतो. अर्धवट बरोबर निघालेला अंदाज त्याला विशेष सुखावतो. गुन्हेगार ओळखला पण कारण चुकले, तर त्याला पुस्तक सोपे वाटत नाही, उलट आपण त्यात सामील होतो असे वाटते. म्हणून कोणालाच ओळखता येऊ नये असा हट्ट धरू नये.

शेवटच्या पन्नास पानांत प्रथमच अवतरणारा गुन्हेगार, आधी सुतोवाच न केलेला जुळा भाऊ, केवळ नायक हुशार दिसावा म्हणून मूर्ख ठरवलेले पोलीस, या गोष्टी वाचक खपवून घेत नाही. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. परदेशी कथानक उचलून त्यातील माणसांना मराठी नावे देण्याचा जवळचा मार्ग मात्र अजूनही पुष्कळांना मोहात पाडतो आणि त्याची मला मनापासून चीड आहे. मृत्युपत्र वाचायला वकील दिवाणखान्यात सर्वांना जमवतो, हे दृश्य आमच्या गावात कोणी पाहिलेले नाही. आमच्याकडे सातबारा, फेरफार, वारसनोंद आणि बहिणीचे हक्कसोडपत्र आहे; त्यात खुनाला पुरेल इतके वैर भरलेले आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो छोट्या कादंबऱ्यांवर मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या आहेत. आपला वाचक या प्रकारात नवखा नाही.

कायद्याच्या बाबतीतही मी चुकले होते. माझ्या पहिल्या मसुद्यात पुतण्या पोलीस ठाण्यात फौजदाराच्या वारसाला, म्हणजे नव्या अधिकाऱ्याला, सर्व कबूल करतो आणि कादंबरी संपते. एका वकील वाचकाने दाखवून दिले की पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 23 मध्ये आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग मात्र चालतो. म्हणून आता पंचांसमक्ष विहिरीतून कोयता निघतो, पंचनामा होतो, आणि शेवट पूर्वीपेक्षा भक्कम झाला आहे.

मसुदा पूर्ण झाल्यावर घरच्यांचे कौतुक ऐकण्यात वेळ घालवू नका. पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यावर टाकून देणारे चार वाचक शोधा, त्यांना शेवटचे प्रकरण वगळून हस्तलिखित द्या आणि संशयिताचे नाव, कारण व ज्या पानावर संशय आला ते पान लिहून मागा. मी तसे केले. दोघांनी पुतण्याचे नाव दिले, पण कारण चुकीचे. एकाने काकूंवर संशय घेतला. ग्रंथपाल बाईंनी नाव लिहिलेच नव्हते. उधारीच्या वहीचे पान त्यांनी दुमडून ठेवले होते, विडीच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिले होते: "काकू येथे फारच रागावतात, थोडे कमी करावे." मी ते कमी केलेले नाही; शेवटचे प्रकरण त्यांना उद्या देणार आहे.