बोर्ड, लेबल, जाहिरात : दिवाळीआधीची तयारी

दिवाळीत दुकान नव्या रूपात दाखवायचं असेल तर गणपती येण्याआधी हालचाल सुरू करा. नवरात्र उजाडलं की छापखान्यांत मिठाईच्या बॉक्सची आणि कॅलेंडरांची रांग लागते, आणि आपलं लेबलांचं छोटं काम मागे पडत जातं. मी हे ठाण्यातल्या नौपाड्यातल्या आमच्या फराळ-लोणच्यांच्या दुकानाला धरून लिहितेय. तुमचं बुटीक किंवा क्लास असेल तर लेबलाचा भाग सोडा, बाकीचं तसंच लागू आहे.

नाव ठरलं असेल तर आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधून बघा. शोधायला पैसे पडत नाहीत. तिथे मालाचे ठरलेले वर्ग असतात : लोणची वर्ग 29 मध्ये येतात, मसाले 30 मध्ये, तेव्हा दोन्हीकडे बघा. देवाचं किंवा चवीचं नाव घेतलंत तर ते कोणीतरी आधीच घेतलेलं असण्याची शक्यता फार. एकट्या मालकाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. ती मिळेपर्यंत नावापुढे टीएम लिहिलं तर चालतं, पण गोलातला आर लावू नका. नोंदणी नसताना तो लावणं हा गुन्हा आहे.

लोगो कसा असावा यावर सगळेच बोलतात, म्हणून मी दोनच गोष्टी सांगते. तो काळ्या एका रंगात ओळखू आला पाहिजे, कारण बिलावर तो तसाच छापला जाणार. आणि बाटलीच्या झाकणाएवढा छापून, कापून, खरोखर झाकणावर चिकटवून बघा. स्क्रीनवर सुंदर दिसणारी नाजूक वेलबुट्टी तिथे नुसता डाग होते.

आता मुख्य गोष्ट. डिझायनरला शेवटचा हप्ता देण्याआधी मूळ फाइल ताब्यात घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली जेपीजी म्हणजे मूळ फाइल नव्हे. कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरपैकी ज्यात काम केलं त्यातली, कितीही मोठी केली तरी रेषा मोडत नाहीत अशी व्हेक्टर फाइल पाहिजे. आम्ही ती मागितली नव्हती. डिझायनरने गाव सोडलं, फोन लागेना, आणि बोर्डवाल्याने व्हॉट्सॲपचं चित्रच ताणून मोठं केलं. वेलांट्यांच्या कडांना पायऱ्या पडल्या. मग त्याने अंदाजाने सगळं नव्याने काढलं, तर अक्षरांची जाडी बदलली आणि दिवाळीभर बरणीवर एक लोगो आणि दारावर दुसरा. गिऱ्हाईक विचारायचं, ‘हे तुमचंच का?’ म्हणून पुन्हा सांगते, आधी मूळ फाइल, मग पैसे.

ती फाइलही दोन प्रकारे घ्या : एक अक्षरं बदलता येतील अशी, सोबत फॉन्ट, आणि दुसरी अक्षरांचे कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या जागी त्यांच्या आकाराच्या रेषा असलेली. मराठीत याला पर्याय नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हल्ली फोनवर, कॉम्प्युटरवर सगळीकडे चालतो तो यूनिकोड असला तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, ‘पुऱ्या’मधला अर्धा र तुटून पडतो. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये हे होत नाही. यूनिकोड फॉन्ट हवा असेल तर मुक्त आणि बलू हे दोन्ही मोफत, व्यवसायाला वापरता येणारे आणि देवनागरीसाठी मन लावून केलेले आहेत. चोरीचा फॉन्ट लोगोत घालू नका.

लोगोचे हक्कही लेखी घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालायला विसरू नका. ओळखीतला मुलगा आहे, भाचा आहे, असं म्हणून हे टाळू नका. ओळखीतच हे राहून जातं.

बोर्ड. राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही नाव मराठीत, देवनागरीत लावणं बंधनकारक आहे. मराठी आधी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. डिझायनर ‘बॅलन्स’साठी इंग्रजी मोठं करायला बघेल, ऐकू नका. डिझाइन पक्कं करण्याआधी त्याच मापाचा साधा कागद दुकानावर लावा आणि संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून बघा. गोखले रोडसारख्या रस्त्यावर मध्ये रिक्षा, झाडं, शेजाऱ्याचं छप्पर असं सगळं येतं. बाहेरून जाणाऱ्याला नाव आणि काय विकता एवढंच वाचता येतं, म्हणून ‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती’ची रांग नको. सोसायटीची परवानगी लेखी. दुकानाच्या दर्शनी भागाबाहेर काही लावायचं तर आधी महापालिकेत विचारा. खांबावर, झाडावर फ्लेक्स मुळीच नको. शहर विद्रूप केल्याचा गुन्हा लागतोच, शिवाय ज्यांच्या दारासमोर तो लोंबकळतो ते आपलेच गिऱ्हाईक असतात.

बोर्डवाल्याने अक्षरं कापण्यासाठी जी फाइल केली, तीही मागून घ्या. तिचेही पैसे आपणच दिलेले असतात.

लेबलावर एवढं तरी पाहिजेच : पूर्ण नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, घटक, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक, शाकाहारीचा हिरवा ठिपका. किंमत आणि तारीख छापू नका, शिक्क्यासाठी जागा सोडा, नाहीतर तेलाचे भाव वाढले की लेबलं रद्दीत. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, फोनवर बघून ‘ओके’ म्हणू नका. खऱ्या कागदावर, खऱ्या लॅमिनेशनसह एक प्रत काढायला लावा. फोनवरचा झगझगीत केशरी आणि पोपटी छपाईत मंद पडतो. प्रूफवरचा नंबर बघून फोन लावा, क्यूआर वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करा. क्यूआर कायमचा, बदलता न येणारा घ्या. भाड्याच्या सेवेवरचा घेतला आणि भाडं थांबलं, तर छापलेली सगळी लेबलं मुकी होतात. लेबलाची मूळ फाइल? घ्या. बॉक्स कापायची डाय, म्हणजे साचा, बनवली असेल तर तिचाही ताबा कोणाकडे ते बिलावर लिहून घ्या.

पिशव्या कापडी किंवा कागदी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यावर लोगो छापून काय मिळवणार?

गूगलवरचं दुकानाचं पान, इन्स्टा, जाहिरातीचं खातं, सगळं तुमच्या ईमेलवर, तुमच्या नंबरवर. जाहिरात बघणाऱ्या मुलाला फक्त परवानगी द्या, मालकी नाही. ही मूळ फाइलचीच गोष्ट आहे : किल्ली दुसऱ्याकडे राहिली की काम बदलताना तुम्ही बाहेर.

जाहिरात थोडक्यात. पत्रकं पेपरवाल्याकडून नौपाडा, पाचपाखाडीत टाका. घोडबंदर रोडवरून चकलीसाठी कोणी ट्रॅफिकमध्ये येत नाही. तिथले गिऱ्हाईक हवे असतील तर घरपोच सेवा सुरू करा, मग जाहिरात. ऑनलाइन जाहिरात दुकानाच्या आसपासच ठेवा, 18 टक्के जीएसटी वेगळा धरा. दिवाळी पहाटेच्या राम मारुती रोडवरच्या गर्दीसाठी पैसे घालू नका, फराळ तोवर घराघरांत पोचलेला असतो. खर्च वसुबारसेआधी संपवा.

राहिलं : बिलबुक, कामाच्या मुलांचे ॲप्रन, व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, दिवाळीतल्या वेळा, बोर्डाचं अर्थिंग. जुन्या नंबरचे स्टिकर बरण्यांवरून आजच खरवडा.