गार्डन ट्रॅक्टरला डिझेल इंजिन बसवताना सगळी कसोटी इंजिनाखालच्या प्लेटची

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर, दोन महिने उभा राहिला की टाकीच्या तळाशी पाणी उतरतं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, पांढरट थर धरतो. दर वर्षी कार्बोरेटर साफ करून कंटाळलेला माणूस शेवटी डिझेल इंजिनाचा विचार करतो. विचार चांगलाच आहे. वाईट असतो तो त्यानंतर मिळणारा सल्ला: "चार भोकं पाडायची, चार बोल्ट मारायचे, झालं काम." असं सांगणाऱ्याने स्वतःच्या हाताने हे काम केलेलं नसतं, एवढं नक्की समजा.

आधी जुन्या इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे बाहेर आलेला फिरता दांडा, पाहा. तो उभा, म्हणजे जमिनीकडे तोंड केलेला असेल, तर हा बेत सोडून द्या. लहान डिझेल इंजिनं बहुतेक आडव्या शाफ्टचीच मिळतात आणि मध्ये गिअरबॉक्स घालून केलेली जुगाडं टिकत नाहीत. शाफ्ट आडवा असेल तर बाजारात "186" म्हणून ओळखलं जाणारं, 86 मिमी बोअरचं, हवेवर थंड होणारं एक सिलिंडरचं इंजिन घ्या. सेल्फ स्टार्टचंच घ्या. शेतातल्या पंपाचं 1500 आरपीएमवर चालणारं, पाण्यावर थंड होणारं इंजिन कितीही दणकट असलं तरी या चेसिसवर त्याची जागा नाही. हॉर्सपॉवरच्या आकड्यावर वाद घालत बसू नका. जुनं पेट्रोल इंजिन 11-12 हॉर्सपॉवरचं असेल तर 9-10 चं डिझेल तेच काम आरामात ओढतं.

घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. काही 186 इंजिनांत बाहेर आलेला शाफ्ट क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) नसून कॅमचा (झडपा हलवणाऱ्या दांड्याचा) असतो. तो निम्म्या वेगाने फिरतो, तो नको. दुसरं, शाफ्टला व्हर्नियर लावून माप घ्या. ट्रॅक्टरची पुली किंवा पाती जोडणारा-सोडणारा इलेक्ट्रिक क्लच बहुतेक वेळा एक इंची, म्हणजे 25.4 मिमी बोअरचा असतो आणि शाफ्ट 25 मिमीचा निघू शकतो. हा 0.4 मिमीचा फरक हाताला जाणवत नाही, पण पुली डोलते आणि चावी (पुली शाफ्टवर अडकवणारा लोखंडी तुकडा) खाच खाऊन टाकते. पत्र्याची पट्टी गुंडाळून पुली ठोकू नका. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत टर्नरकडे (लेथवाल्याकडे) जा, नवी पुली शाफ्टच्या मापाने बोअर करून घ्या, चावीची खाच (की-वे) सुद्धा त्याच वेळी. नवं इंजिन 3000 आरपीएमचं आणि जुनं 3600 चं असेल, तर पुलीचा व्यास 1.2 पट धरा: 100 मिमीच्या जागी 120. त्याहून मोठी नको. गवत कापायची पाती ठरलेल्या वेगापेक्षा जोरात फिरली तर जीवावर बेतू शकतं.

आता प्लेट. या कामात मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते याच टप्प्याने.

जुन्या इंजिनाला हात लावायच्या आधी बेल्टची रेघ पक्की करा. मागच्या, चालवल्या जाणाऱ्या पुलीच्या चेहऱ्याला घट्ट दोरा लावून तो पुढे ओढा, आणि तो चेसिसवर जिथून जातो तिथे सेंटर पंचने दोन खुणा ठोका. शाफ्टच्या मध्यापासून चेसिसपर्यंतची उंचीही लिहून ठेवा. खडूच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, इंजिन उतरवताना ऑइल सांडतं आणि खडू जातो. इंजिन उतरल्यावर ही रेघ परत शोधायची सोय नसते. मग माणूस डोळ्याच्या अंदाजाने प्लेट कापतो आणि महिनाभरात बेल्ट एका कडेने झिजून सुतं सोडायला लागतो.

नव्या इंजिनाची भोकं जुन्या भोकांवर येणार नाहीत. तरी लगेच लोखंड कापू नका. आधी 12 मिमी प्लायवुडची प्लेट करा, तिच्यावर इंजिन ठेवा, पुली चढवा, दोरा ओढा. दोऱ्याने दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, म्हणजे चार ठिकाणी, एकाच वेळी टेकायला हवं. पुल्यांमध्ये 300 मिमी अंतर असेल तर 2 मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका. प्लाय कापायला दहा मिनिटं लागतात, हवं तर तीनदा कापा. मनासारखं जुळल्यावरच त्यावरून 10 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट कापून घ्या. इंजिनाची भोकं बेल्टच्या दिशेने लांबट ठेवा, ताण देता येतो.

ही प्लेट चेसिसला वेल्ड करू नका. जवळच्या वेल्डरचा आग्रह असेल, तरीही नाही. एक सिलिंडरचं डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा फार जोरात ठोके देतं, आणि चेसिसचा पातळ चॅनल वेल्डच्या शेजारीच तडकतो. प्लेट दोन्ही चॅनलवर सहा ठिकाणी 8.8 ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टने आवळा, खाली एक आडवा अँगल द्या. इंजिनाखाली मऊ रबरही नको. बेल्टला लोड आला की इंजिन रबरावर झुकतं आणि एवढ्या मेहनतीने जुळवलेली रेघ बिघडते.

बाकीचं सोपं आहे. डिझेलची टाकी, फिल्टर आणि नोझलकडून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) टाकीत परत जाणारी रिटर्न लाइन जोडा. बॅटरी 35 अँपिअर-तासाच्या खाली नको, सेल्फची केबल जाड घ्या. गरम हवा बॉनेटमध्ये कोंडणार नाही आणि सायलेन्सर वायरिंगपासून लांब राहील एवढं पाहा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको: सीटखालचा स्विच. माणूस सीटवरून उठला की तो पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडतो. डिझेलला ठिणगीच नसते, त्यामुळे वायर तशीच जोडली तर स्विच निकामी होतो आणि माणूस खाली पडला तरी पाती फिरत राहतात. इंजिनाच्या डिझेल पंपाच्या स्टॉप लिव्हरला असा सोलेनॉइड (करंटवर दांडा ओढणारी कॉइल) लावा, जो करंट असेपर्यंतच इंजिन चालू ठेवतो, आणि त्याची वायर सीटच्या स्विचमधून न्या. "डिझेलला ते लागत नाही" म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

पहिल्यांदा चालू करताना डिझेलच्या लाइनमधली एअर काढा: आधी फिल्टरचा बोल्ट सैल करा, मग पंपाचा, मग नोझलच्या पाइपचं नट. डिकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून सेल्फ मारा, बुडबुडे थांबले की आवळा. नोझलजवळ बोट नेऊ नका. 200 बारच्या दाबाची धार कातडीच्या आत घुसते, आणि तसं झालं तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठायचं.

ट्रॅक्टर एमएच-04 (ठाणे) किंवा एमएच-43 (नवी मुंबई) खाली नोंदलेला असेल तर इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.

तासभर चालवल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि प्लेटचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पाच तासांनी परत एकदा. तेव्हाच दोरा पुन्हा लावून पाहा. पुढच्या धुऱ्यावर आता साधारण 20 किलो जास्त वजन आहे, म्हणून पुढच्या टायरची हवा आणि धुऱ्याचे बुश त्याच फेरीत तपासून घ्या.