उलटी करणारं बाळ आणि न उघडलेली फाइल

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला रात्री एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, सोनोग्राफीसाठी फोन आला. अठरा दिवसांचा मुलगा, सारख्या उलट्या, पायलोरिक स्टेनोसिस, म्हणजे जठराचं खालचं तोंड (पायलोरस) अरुंद झालंय, आहे का बघा. पायलोरस नॉर्मल होता. तसं लिहिलं आणि मशीन ढकलत परत आले. सकाळी मॅडमनी एवढंच विचारलं, "अ‍ॅड्रिनल बघितल्यास?" म्हणजे किडनीवर बसलेली, हार्मोन्स बनवणारी ग्रंथी. बाळाच्या रक्तात सोडियम खाली, पोटॅशियम वर, पायलोरिक स्टेनोसिसमध्ये पोटॅशियम सहसा खाली जातं. रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्येच होता, मी फाइल उघडली नव्हती.

बाळाला सीएएच निघाला, म्हणजे जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लासिया. आईबाबा दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की होतो. बहुतेकांत २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी असतं. त्यामुळे कॉर्टिसॉल हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही, मग पिट्युटरीतून येणारं एसीटीएच हे हार्मोन अ‍ॅड्रिनल ग्रंथीला रेटत राहतं आणि ती फुगते. मुलीच्या जननेंद्रियांवरून शंका लवकर येते. मुलगा वरून धडधाकट दिसतो, म्हणून सुटतो.

आता सोनोग्राफीत अ‍ॅड्रिनल बघायची पद्धत. हाय फ्रिक्वेन्सी लिनिअर प्रोब आणि कोमट जेल, थंड नको, बाळ किंचाळतं. उजवी ग्रंथी लिव्हरमधून सहज दिसते. डावी छळते, पोटातला गॅस आडवा येतो. बाजूने, स्प्लीनच्या (प्लीहेच्या) खिडकीतून जा. नवजात बाळाची ग्रंथी मुळातच मोठी असते, किडनीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून नुसत्या नजरेने "मोठी" म्हणू नका. ग्रंथीच्या फाट्याची जाडी मोजा: ४ मिमीच्या वर गेली, लांबी २० मिमीच्या पुढे, आणि कडा मेंदूच्या वळ्यांसारखी दिसली, तर लगेच वॉर्डात फोन. पण ग्रंथी नॉर्मल दिसली म्हणून सीएएच नाही, असं कधीच लिहू नका. निदान १७-ओएचपी (या आजारात रक्तात साठणारं हार्मोन) च्या रक्त तपासणीवर ठरतं; बाळ कोसळत असेल तर बालरोगवाले तेवढं रक्त काढून घेतात आणि हायड्रोकॉर्टिसोन, सलाइन सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

जननेंद्रिय स्पष्ट नसलेल्या बाळात गर्भाशयही शोधा. आईच्या हार्मोन्समुळे ते या वयात ठळक दिसतं, मूत्राशय भरलेलं असलं की झालं. इथे एक जपा: आजी दारातच उभी असते, "मुलगा का मुलगी?" तुम्हाला गर्भाशय दिसलेलं असतं, जीभ वळवळते. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा रिपोर्ट, यायचा असतो. मी "मोठे डॉक्टर बोलतील तुमच्याशी" म्हणते आणि बाळाच्या पोटावरचं जेल पुसते.