व्याकरणाचे तुकडे जोडताय? आधी फीचरची नावं एक करा

मराठीचा पार्सर (वाक्याची रचना उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम) बनवताना नामाचं व्याकरण एका फाइलीत, क्रियापदाचं दुसऱ्या फाइलीत, आणि मग दोन्ही सरळ एकत्र पेस्ट, असं बरेच जण करतात. एरर येत नाही म्हणून वाटतं झालं काम. पण एकाच फीचरचं (म्हणजे शब्दाच्या लिंग-वचनासारख्या गुणाचं) नाव एका तुकड्यात 'लिंग' लिहिलंय आणि दुसऱ्यात 'जेंडर', तर युनिफिकेशनला (म्हणजे शब्दांची फीचर्स एकमेकांशी जुळवून बघण्याला) त्यात काही खटकतच नाही, कारण जे फीचर लिहिलेलंच नाही ते कशाशीही जुळतं, आणि मग 'मुलीने बर्फी खाल्ला' पण बिनधास्त पास होतं. म्हणून फीचरची नावं आणि त्यांच्या व्हॅल्यूज यांची एकच यादी आधी बनवा, सगळे तुकडे तिच्यावरच चालू द्या.

आता जोड कुठे बसतो ते बघा. नागपूरच्या बर्डीवर सहज ऐकू येतील अशी वाक्यं घ्या: मुलीने संत्रं खाल्लं, बर्फी खाल्ली, तर्री पोहे खाल्ले. मुलगी तीच, तरी क्रियापद बदलतंय, म्हणजे लिंग-वचन कर्माकडून यायला पाहिजे (खाली 'सरळ' म्हणजे प्रत्यय नसलेलं, आणि ?ल, ?व म्हणजे दोन्हीकडे सारखीच हवी अशी व्हॅल्यू):

वाक्य → नामपद[कारक=ने] नामपद[कारक=सरळ, लिंग=?ल, वचन=?व] सकर्मक[काळ=भूत, लिंग=?ल, वचन=?व]

कर्माला 'ला' लागला की हा नियम चालत नाही. 'मुलीने भावाला बोलावलं', इथे क्रियापद थेट नपुंसक एकवचनी, त्यासाठी वेगळा नियम लिहाच. आणि 'मी'कडे नीट लक्ष द्या. 'मी बर्फी खाल्ली' मध्ये 'ने' दिसत नाही पण क्रियापद कर्माप्रमाणेच चालतं, त्यामुळे 'ने' हा प्रत्यय शोधत बसू नका, सर्वनामाच्या तुकड्यातच 'मी'ला कारक=ने अशीही एक नोंद द्या.

एका वेळी एकच तुकडा जोडा आणि दरवेळी चुकीची वाक्यंसुद्धा चालवा, बरोबर वाक्यांपेक्षा तीच जास्त सांगतात. ज्या वाक्याचा आधी एकच ट्री (रचनेची झाडासारखी आकृती) यायचा त्याचे अचानक दोन आले तर बहुतेक तोच नियम दोन्ही तुकड्यांत वेगवेगळ्या नावांनी बसलाय, एक काढा.

'काल', 'घाईघाईत' असे शब्द मात्र प्रत्येक नियमात कोंबू नका. पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी यांनी लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासोबत 1975 मध्ये मांडलेल्या ट्री अ‍ॅडजॉइनिंग ग्रामरमध्ये यासाठी अ‍ॅडजंक्शन आहे: तयार ट्री मधोमध उघडून त्यात छोटा ट्री बसवायचा, बाकीचा ट्री तसाच राहतो. साध्या सीएफजीवर (कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर, म्हणजे नुसते 'हे → ते' असे नियम) असाल तर 'वाक्य → क्रियाविशेषण वाक्य' एवढा वेगळा तुकडा ठेवून सुरुवात करा, फक्त 'मुलीने काल बर्फी खाल्ली' सारखा मधला 'काल' त्यात येणार नाही, त्यासाठी कर्म आणि क्रियापद यांचा मिळून एक गट करून त्या गटाआधी क्रियाविशेषण घेणारा अजून एक नियम लागेल.