पोस्टमनमधून सोप सर्व्हिस कशी टेस्ट करायची

आत्तापर्यंत फक्त जेसनवर काम केलेलं असतं आणि एक दिवस कोणीतरी डब्ल्यूएसडीएलची (सोप सर्व्हिसची ऑपरेशन्स आणि पत्ता सांगणारी एक्सएमएल फाईल) लिंक पाठवून म्हणतं की ही सर्व्हिस टेस्ट करून द्या, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की हे पोस्टमनमध्ये, म्हणजे एपीआय टेस्ट करायच्या आपल्या नेहमीच्या टूलमध्ये, जमतं का. जमतं, आणि चांगलं जमतं. सोप म्हणजे शेवटी एचटीटीपीवरून जाणारी पोस्ट रिक्वेस्टच, बॉडीमध्ये जेसनच्या जागी एक्सएमएल. फक्त जेसनवाल्या एपीआय बरंच काही चालवून घेतात, तसं सोप घेत नाही, आणि अडतं ते बहुतेक वेळा तुमच्या डेटावर नाही तर त्याभोवतीच्या पाकिटावर, म्हणजे एन्व्हलप (सगळा मेसेज गुंडाळणारं बाहेरचं एलिमेंट), नेमस्पेस (एलिमेंट कुठल्या संचातलं ते सांगणारं नाव) आणि हेडर यांच्यावर.

आधी डब्ल्यूएसडीएल ब्राउझरमध्ये उघडा आणि तीन गोष्टी शोधून बाजूला लिहून ठेवा. टार्गेट नेमस्पेस, तो अगदी वरच सापडतो. मग बाइंडिंगच्या भागात तुमच्या ऑपरेशनसमोर दिलेलं सोप-अ‍ॅक्शन. आणि सर्व्हिसच्या भागातला अ‍ॅड्रेस. हा अ‍ॅड्रेस जसाच्या तसा उचलू नका, कारण फाईल सर्व्हरने आपोआप बनवलेली असली की कधी कधी त्यात लोकलहोस्ट किंवा आतल्या मशीनचं नाव असतं जे तुमच्याकडून उघडणारच नाही, तेव्हा ज्या होस्टवरून डब्ल्यूएसडीएल उघडली तोच होस्ट लावून बघा.

पोस्टमनमध्ये डब्ल्यूएसडीएल इम्पोर्ट करता येते आणि तो प्रत्येक ऑपरेशनची रिक्वेस्ट तयार करून देतो, पण माझं ऐका, पहिली एक रिक्वेस्ट हाताने बनवा, कारण पुढे काही बिघडलं की कुठे बघायचं ते त्यातूनच कळतं. मेथड पोस्ट, बॉडीमध्ये रॉ, बाजूच्या यादीतून एक्सएमएल. सगळ्यात बाहेर एन्व्हलप, त्याच्या आत बॉडी, बॉडीच्या आत तुमच्या ऑपरेशनचं एलिमेंट. एन्व्हलपमध्ये बॉडीच्या आधी हेडर पण असू शकतो, तो एचटीटीपीच्या हेडरपेक्षा वेगळा, सुरुवातीला इथे खूप जण गोंधळतात.

आता कंटेंट-टाइप, म्हणजे बॉडी कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारा एचटीटीपी हेडर. एक्सएमएल निवडलं की पोस्टमन स्वतःहून अ‍ॅप्लिकेशन/एक्सएमएल लावतो आणि सोपला ते दोन्ही व्हर्जनमध्ये नकोय. एन्व्हलपच्या नेमस्पेसमध्ये एक्सएमएलसोप असं दिसलं तर ते २००० सालचं १.१ व्हर्जन, त्याला टेक्स्ट/एक्सएमएल हवं आणि शिवाय सोप-अ‍ॅक्शन नावाचा वेगळा हेडर, ज्याची किंमत डबल कोट्सच्या आत लिहायची. नेमस्पेसमध्ये २००३/०५ असेल तर ते १.२, तिथे अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल लागतं आणि अ‍ॅक्शन द्यायची असेल तर ती त्याच ओळीत सेमीकोलन देऊन. हेडर्सच्या टॅबमध्ये आपोआप आलेल्या कंटेंट-टाइपची टिक काढा, आपला टाका. एकाचा एन्व्हलप आणि दुसऱ्याचा कंटेंट-टाइप अशी सरमिसळ झाली की ४१५ (हा कंटेंट-टाइप चालत नाही) येतो किंवा व्हर्जन-मिसमॅचचा फॉल्ट, म्हणजे सोपचा एरर मेसेज.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र अशी की ज्यात एरर येतच नाही. मी एकदा ग्राहक क्रमांक पाठवत होतो, स्टेटस २००, रिस्पॉन्स रिकामा, आणि क्रमांक तर डेटाबेसमध्ये समोर दिसतोय. अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आलं की ऑपरेशनच्या एलिमेंटला प्रीफिक्स (नावाआधी कोलन देऊन लिहिलेलं नेमस्पेसचं छोटं नाव) होता पण आतल्या क्रमांकाच्या एलिमेंटला लावलाच नव्हता, स्कीमामध्ये (डब्ल्यूएसडीएलमधला एलिमेंटची रचना सांगणारा भाग) एलिमेंट-फॉर्म-डिफॉल्ट क्वालिफाइड होतं, म्हणजे आतल्या एलिमेंटलाही नेमस्पेस हवाच होता, म्हणून सर्व्हरने ते एलिमेंट आपलं मानलंच नाही आणि आत नल (null, म्हणजे काहीच नाही) गेलं. तेव्हापासून रिकामं उत्तर आलं की मी आधी नेमस्पेस बघतो. स्कीमामध्ये सिक्वेन्स (ठरलेला क्रम) असेल तर एलिमेंटचा क्रमही तोच ठेवा. एक्सएमएल डिक्लेरेशनच्या आधी रिकामी ओळ किंवा स्पेस राहिली तर पार्सर तिथेच थांबतो, आणि डेटामध्ये & आला तर तो तसाच न ठेवता त्याच्यापुढे ए, एम, पी आणि सेमीकोलन लिहायचं.

५०० आला म्हणून सर्व्हर पडला असं लगेच समजू नका. सोप १.१ मध्ये कुठलाही फॉल्ट ५०० घेऊनच येतो, तुमची चूक असली तरी. बॉडी उघडा, फॉल्ट-कोड वाचा: क्लायंट म्हणजे रिक्वेस्टमध्ये गडबड, सर्व्हर म्हणजे त्यांच्या बाजूला. १.२ मध्ये हेच सेंडर आणि रिसीव्हर होतात. नक्की काय पाठवलं गेलं ते पोस्टमनच्या कन्सोलमध्ये दिसतं, तिथे एकदा बघाच.

टेस्ट स्क्रिप्टमध्ये नुसतं २०० तपासून थांबू नका, काही सर्व्हिस २०० देऊन आत स्वतःचा एरर कोड ठेवतात, म्हणून आतली किंमत तपासा. पोस्टमनचं एक्सएमएल-टू-जेसन फंक्शन त्यासाठी पुरतं, पण त्यात दोन खाचा आहेत. एक म्हणजे जेसनच्या key मध्ये प्रीफिक्स तसाच राहतो, उद्या सर्व्हरने प्रीफिक्स बदलला की सगळं बरोबर असूनही टेस्ट फेल होते. एक्सएमएल-टू-जेएस लायब्ररी घेऊन स्ट्रिप-प्रीफिक्स लावला की ही कटकट जाते. दुसरी, यादीत एकच नोंद आली तर ऑब्जेक्ट मिळतो आणि जास्त आल्या तर अ‍ॅरे, म्हणून एक नोंद आणि अनेक नोंदी अशा दोन्ही डेटावर टेस्ट चालवून बघा.

डब्ल्यूएस-सिक्युरिटी (सोपच्या हेडरमधून ओळख पटवायची पद्धत) असेल तर क्रिएटेड आणि एक्सपायर्सच्या वेळा प्री-रिक्वेस्ट स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वेळी नव्याने बनवा, यूटीसीमध्ये, आणि नॉन्ससुद्धा (एकदाच वापरायची रँडम किंमत) दरवेळी नवा, नाहीतर पहिली रिक्वेस्ट चालते आणि थोड्या वेळाने तीच नाकारली जाते. सर्टिफिकेट वापरून मेसेजवरच सही करायची असेल तर मी पोस्टमनमध्ये झगडत बसत नाही, सोपयूआय हे सोपसाठीचं टेस्टिंग टूल उघडतो, त्यात त्याच्या सेटिंग तयारच आहेत.