वस्तऱ्याने दाढी करताना जळजळ कशी टाळावी

दाढी झाल्यावर गळा लाल होतो, चुरचुरतो, दोन दिवसांनी बारीक पुळ्या येतात. बहुतेक वेळा हे होतं हाताच्या दाबामुळे. वस्तऱ्याला त्याचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. तरीही दाबावंसं वाटलं, तर धार बोथट झाली आहे, केस भिजलेले नाहीत किंवा पात्याचा कोन चुकला आहे असं समजा. तिथेच थांबा आणि आधी कारण शोधा.

सर्वात जास्त लक्ष धारेकडे द्यावं लागतं. दर दाढीपूर्वी वस्तरा पट्ट्यावर (धार लावायच्या कापड-चामड्याच्या पट्ट्यावर) पाजळायचा: आधी कापडी बाजूवर 20-25 फेऱ्या, मग चामड्यावर 40-50. एक फेरी म्हणजे एकदा जाऊन परत येणं. पट्टा ताठ ओढून धरा. मध्ये झोळ पडला की धार गोलावते आणि पाजळून उलट नुकसान होतं. पातं पट्ट्यावर सपाट ठेवा, पाठ (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) पुढे आणि धार मागे राहिली पाहिजे. टोकाशी पोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटवा. धारेवर उलटवला तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. सुरुवातीला अगदी सावकाश करा, वेगाने काहीच साधत नाही.

धार तपासायला पातं हाताच्या कातडीला न टेकवता केसांच्या टोकांवरून फिरवा. केस सहज तुटून पडले तर ठीक. पाजळूनही केस ओढले जात असतील तर निसण्याची, म्हणजे दगडावर घासून धार नव्याने काढण्याची, वेळ झाली. शेवटचा दगड 8000 ते 12000 ग्रिटचा हवा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक). दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या ठेवतात आणि पट्ट्याच्या उलट, धार पुढे ठेवून पातं सरकवतात. कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, म्हणून पाठ उचलायची नाही. नवखं असताना हे काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. नवा वस्तराही दाढीजोगा निसलेला आहे का, हे घेतानाच विचारा. पुष्कळ वस्तरे तसे नसतात.

दाढी अंघोळीनंतर करा, नाहीतर कोमट पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. भिजलेला केस मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. पाणी कढत नको, त्याने कातडीच आधी लाल होते. फेस चकचकीत आणि ओलसर हवा. मोठे बुडबुडे दिसले तर ब्रश आणखी घोळवा. फेस कोरडा, चिकट वाटला तर थेंबथेंब पाणी घाला. पातं अडखळतं ते बऱ्याचदा अशा कोरड्या फेसामुळे.

केस कुठल्या दिशेने वाढतात हे एक-दोन दिवसांच्या खुंटांवर कोरडी बोटं फिरवून पाहा. ज्या दिशेला बोट गुळगुळीत सरकतं ती केसांची दिशा. गालावर ती सहसा खाली असते, पण गळ्यावर आडवी, तिरपी किंवा चक्क वरच्या बाजूलाही असते. गळा सोलवटतो तो बहुधा हे न पाहता वरून खाली पातं ओढल्यामुळे.

आता पातं गालावर सपाट टेकवून पाठ उचला. पाठीखाली तिच्या जाडीइतकी किंवा किंचित जास्त फट राहिली की कोन साधारण 30 अंशांचा होतो. यापेक्षा सपाट धरलं तर केस ओढले जातात; फार उभं धरलं तर पातं कातडी खरवडतं आणि कापण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. बोटं घसरत असतील तर आधी ओल्या तुरटीवर घासा. पातं एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच ओढा. पातं धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं सरकू देऊ नका, कातडी चिरते ती तशीच. कंठावर कातडी बाजूला ओढून सपाट करा आणि मगच पातं लावा.

पहिला हात, म्हणजे पात्याची पहिली फेरी, पूर्ण चेहऱ्यावर केसांच्या दिशेनेच. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. फेस नसलेल्या जागी पातं पुन्हा फिरवायचं नाही, एक खुंट राहिला असला तरी. उलट्या दिशेचा तिसरा हात सवय झाल्यावरच, आणि पुळ्या येणाऱ्या गळ्यावर तो मुळीच नको. ताणलेल्या कातडीवर उलटा कापलेला केस कातडी सोडल्यावर आत जातो आणि वाढताना तिथेच टोचतो. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त होतो, त्यांनी दोन फेऱ्यांवरच समाधान मानावं. पहिले काही आठवडे फक्त गाल वस्तऱ्याने करा, बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने.

शेवटी थंड पाण्याने चेहरा धुऊन ओल्या कातडीवर तुरटी फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. जिथे ती जास्त झोंबेल तिथे दाब जास्त पडला होता. पुढच्या वेळी नेमकं तिथे हात हलका ठेवा. नंतर अल्कोहोल नसलेला आफ्टरशेव्ह बाम लावा.

वस्तरा धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. काही दिवस वापरणार नसाल तर पात्यावर मिनरल ऑइलचा पातळ हात द्या आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. दमट हवेत गंज आधी धारेवरच चढतो. आपला वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नका, रक्तावाटे हेपटायटिस बी आणि सी पसरतात.