घोडदळाची जुनी कार्बाइन अभ्यासायला घेताना

जुनी कार्बाइन, म्हणजे घोडेस्वारांची आखूड बंदूक, हातात आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: ही कुठल्या लढाईत होती? या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा. बंदूक स्वतः सांगते ती कुठे बनली आणि कोणाच्या भांडारात होती. कुठल्या रिसाल्याला, म्हणजे घोडदळाच्या तुकडीला, मिळाली, हे बहुतेक वेळा कागदच सांगतो. लढाईचं नाव त्यानंतर.

सध्या मी मुंबईतल्या एका खाजगी संग्रहातल्या स्नायडर कार्बाइनवर काम करतोय. लॉकवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या पट्टीवर, घोड्याच्या (हॅमरच्या) मागे मुकुट आणि त्याखाली व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं), पुढच्या बाजूला १८६२ आणि एनफिल्ड. घरात ती 'बासष्ट सालची' म्हणूनच ओळखली जाते. पण स्नायडरची मागून काडतूस भरायची रचना ब्रिटिश लष्कराने स्वीकारली १८६६ मध्ये. म्हणजे साल फक्त लॉकचं आहे. ठासणीच्या जुन्या कार्बाइनचा भाग पुढे नव्या रचनेत वापरला गेला. लॉकवरचं साल हे अख्ख्या बंदुकीचं साल धरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

दस्त्यावरचे, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावरचे, शिक्के पॉलिशखाली बुजलेले असतात. खोलीत अंधार करून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला की सावलीत अक्षरं उठून दिसतात. बाण हा ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का; त्याखाली 'आय' असेल तर ती हिंदुस्थानच्या भांडारातली. दोन बाण टोकाला टोक भिडवून मारलेले असतील तर सरकारने ती विकून टाकलेली. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह दिसला तर ईस्ट इंडिया कंपनीचा माल, म्हणजे काळही मागे जातो. आणि कृपा करून पितळ घासू नका. मालक हौसेने पॉलिशचा डबा घेऊन येतात, तेव्हा त्यांना गोड बोलून थांबवा. कुंद्याच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाच्या, पट्टीवरचे बारीक आकडे एकदा पुसले गेले की कायमचे गेले.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८५७ नंतर हिंदी फौजेला मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार देण्याचं धोरण होतं. गोऱ्या पलटणींना स्नायडरनंतरची मार्टिनी-हेन्री रायफल मिळू लागली, तेव्हा स्नायडर इकडे उतरली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ६६व्या गोऱ्या रेजिमेंटकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि शेजारी लढणाऱ्या मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीकडे, म्हणजे हिंदी पायदळाकडे, स्नायडर. त्यामुळे बनावटीचं साल आणि हिंदी स्वाराच्या हाती पडल्याचं साल यांत बरंच अंतर असू शकतं. मधल्या काळात तीच कार्बाइन एखाद्या गोऱ्या रेजिमेंटकडेही असू शकते.

शिलेदारी रिसाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे घोडा, खोगीर आणि सुरुवातीच्या काळात हत्यारंही स्वाराने किंवा रिसाल्याने स्वतः उभी करायची. अशा बंदुकीची नोंद सरकारी भांडाराच्या वहीत सापडली नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

कागदांसाठी काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा. संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र सोबत ठेवा. मुंबई इलाख्याच्या मिलिटरी डिपार्टमेंटचे खंड मागवताना 'कार्बाइन' एवढाच शब्द शोधलात तर निराश व्हाल. भांडार, इंडेंट (म्हणजे हत्यारांची मागणीपत्रं), नादुरुस्त हत्यारं, रेजिमेंटचं नाव, असं सगळीकडून जावं लागतं. जुन्या आर्मी लिस्टसाठी, म्हणजे रेजिमेंट आणि अधिकाऱ्यांच्या छापील याद्यांसाठी, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत विचारा. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांकडे इथलं पाहून झाल्यावरच वळा, म्हणजे नेमकं काय मागायचं ते कळतं.

रेजिमेंटच्या नावांचा एक तक्ता मात्र आधीच करून घ्या. तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी १९०३ मध्ये ३३वी झाली, पूना हॉर्स ३४वी झाली आणि १९२१ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. पट्टीवर नुसता '३' दिसला आणि कोणत्या काळातला हे ठाऊक नसलं, तर तो आकडा काहीच सिद्ध करत नाही.

बंदूक ताब्यात घेण्याआधी शस्त्र कायद्याचं बघा. 'अँटिक आहे, काही लागत नाही' हे दुकानदाराचं म्हणणं पुरेसं नाही. पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो आणि मग ती देशाबाहेर नेता येत नाही. फोटो आणि मोजमापं घेऊन, वस्तू मालकाकडेच ठेवून उत्तम काम होतं.

माझ्या स्नायडरच्या पट्टीवर फक्त रॅकचा, म्हणजे बंदुका ठेवायच्या घडवंचीतल्या जागेचा, आकडा आहे, रेजिमेंटचं नाव नाही. मालकांना मैवंद हवंय. मी टिपणात लिहिलंय: एनफिल्ड, लॉक १८६२, स्नायडर रचना १८६६ नंतर, हिंदुस्थानच्या भांडारातली, रेजिमेंटचा पुरावा अद्याप नाही. पुढच्या आठवड्यात १८७०च्या दशकातले इंडेंट मागवतोय.